चोरी माझी, लूट बायकोची

आमच्या इमारतीतल्या चित्रचोरीचा तपास एकमताने माझ्याकडे सोपवण्यात आला, तेव्हा चोरही मीच होतो.

लगेच माझ्याबद्दल मत बनवू नका. बनवायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून बनवा. (शेवटी ते आणखी वाईट होईल, पण माझा नाइलाज आहे.)

आम्ही कसबा पेठेत राहतो. इमारत जुनी नाही, पण नवीनही म्हणवत नाही. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. जिन्याखाली विजेच्या मीटरची एक मोठी लाकडी पेटी होती, काचेच्या दाराची. नवे मीटर बाहेरच्या भिंतीवर गेले आणि ही पेटी रिकामी झाली. रिकामी म्हणजे आपल्याकडे होते तशी: तिच्यात एक मोडका झाडू, किल्ली हरवलेलं कुलूप आणि तळमजल्यावरच्या पोंक्ष्यांची एक चप्पल. एकच. दुसरी कुठे गेली ते पोंक्ष्यांना माहीत नाही आणि त्यांना विचारण्याची कुणाची हिंमत नाही, कारण ते सोसायटीचे अध्यक्ष आहेत.

माझी मुलगी रेवा बंगळुरूला नोकरी करते. एकदा तिने फोनवर सांगितलं, "बाबा, हल्ली लोक घराबाहेर छोटीशी पेटी लावतात. आर्ट गॅलरी! कुणीही आपलं चित्र आणून ठेवायचं, कुणीही आवडलेलं घेऊन जायचं. एकदम फ्री. कसलं क्यूट ना?"

मी नुकताच निवृत्त झालो होतो. निवृत्त माणसाला असलं काही सांगू नये. दुसऱ्या दिवशी मी पेटी घासली, पुसली, आत दोन फळ्या ठोकल्या, पोंक्ष्यांची चप्पल सन्मानाने त्यांच्या दारात नेऊन ठेवली आणि काचेवर कागद चिकटवला: 'चित्र ठेवा. चित्र न्या.'

पोंक्षे आलेच. "न्या म्हणजे? परत कधी आणून द्यायचं?"

"परत नाही द्यायचं."

"मग ठेवणाऱ्याला काय मिळतं?"

"आनंद."

पोंक्ष्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "आनंदच ना? मग हरकत नाही. वीज नका घेऊ सोसायटीची."

पहिल्या काही दिवसांत पेटीत आलं ते असं: गेल्या वर्षीचं कॅलेंडर, काच तडकलेली देवाची तसबीर आणि कुणाच्या तरी रुखवतातला मोत्यांचा मोर, चोच नसलेला. नेलं कुणी काहीच नाही. लोक यायचे, वाकून बघायचे, 'हं' करायचे आणि जायचे. मी पेटी पुन्हा झाडूला देऊन टाकायच्या बेतात होतो. तेवढ्यात अण्णा खाली उतरले.

अण्णा म्हणजे माझे सासरे. हयातभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी. मग फ्लेक्स आले आणि ब्रश डब्यात गेले. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात, आणि आल्यापासून एकच शब्द बोलत होते. 'अण्णा, चहा?' 'चालेल.' 'अण्णा, खिचडी टाकू?' 'चालेल.' एकदा मी विचारलं, 'अण्णा, बरं वाटत नाहीये का?' तर म्हणाले, 'चालेल.' अलका, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसायची. बाहेर येऊन मला म्हणायची, "कांदा होता." त्या दिवशी भाजी दुधीची असायची.

तर अण्णा खाली आले आणि माझा कागद वाचून चक्क पूर्ण वाक्य बोलले. "विनायकराव, हा 'त्र' आहे की खेकडा?"

त्यांनी तो कागद स्वतः पुन्हा रंगवला. डाव्या हातात एक काठी आडवी धरायची आणि तिच्यावर उजवं मनगट टेकवून ब्रश चालवायचा, ही त्यांची पाट्या रंगवण्याची जुनी पद्धत. एरवी चहाची बशी धरताना थरथरणारा हात त्या काठीवर टेकला की गप्प बसायचा. आणि मग त्या रात्री जेवणानंतर त्यांनी एक चित्र काढलं. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर. (जाड कागद, छान आकार, आणि आमच्या घरात पत्रिका पैशाला पासरी.) चित्र होतं आमच्या स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाचं. पडायच्या बेतात असलेला थेंबसुद्धा होता. झोपण्यापूर्वी स्वतः खाली जाऊन ते पेटीत ठेवून आले.

सकाळी उठून बघायला गेले. चित्र तिथेच. दुसऱ्या दिवशी गेले, चित्र तिथेच. तीन मजले उतरायचे आणि तीन मजले चढायचे, दर जिन्याला थांबून. वर येऊन फक्त म्हणायचे, "आहे अजून."

अलकाने मला गॅलरीत ओढलं. "अहो, काहीतरी करा. नाहीतर पुन्हा सुरू होईल त्यांचं चालेल-चालेल!"

मी केलं. पहाटे दुधाची पिशवी आणायला खाली उतरलो, इकडे तिकडे बघितलं आणि नळ उचलून बनियनमध्ये सारला. वर येऊन दिवाणाच्या पोटात, लोकरीच्या कपड्यांखाली ठेवून दिला. अलका झोपेत होती. तिला सांगितलं असतं तर तिच्या चेहऱ्यावरून अण्णांनी एका मिनिटात ओळखलं असतं, म्हणून तिलाही सांगितलं नाही.

अण्णा खाली गेले आणि वर आले ते कुठेही न थांबता! "विनायकराव! गेला!"

"कोण गेला?"

"नळ गेला!"

स्वयंपाकघरातून अलका ओरडली, "आत्ताच? अहो, पिंप भरायचंय अजून!"

"पाणी नाही गं, नळ! माझा नळ! नेला कुणीतरी!"

त्या दिवशी अण्णांनी दोनदा चहा घेतला, स्वतः मागून. नळ कुणी नेला असेल यावर जेवताना चर्चा झाली. अण्णांचं म्हणणं, नेणारी बाईच असणार, गळक्या नळाचं दुखणं बायकांनाच ठाऊक. मी आमटी ओरपत मान डोलावली. कितीतरी महिन्यांनी घरात तो माणूस हसत होता, आणि मला माझा फार अभिमान वाटत होता. हा अभिमान लक्षात ठेवा, पुढे माझ्याकडे तो राहणार नाही.

दुसऱ्या रात्री त्यांनी पोंक्ष्यांची ती एकटी चप्पल काढली. अंगठा तुटलेला, खिळा वर आलेला. अप्रतिम! माझ्या मनात आलं, आज कुणी खरंच नेईल. पण न नेली तर? कशाला विषाची परीक्षा? पहाटे मी चप्पलही उचलली.

इथे चुकलं माझं. एकदा वाट बघायला हवी होती. पण सकाळी अण्णांचा तो 'गेलं!' असा आवाज ऐकायची मलाच चटक लागली होती. त्यानंतर रोजच सुरू झालं. मंडईतली लिंबं विकणारी बाई, अलकाची कढई, दोरीवरचा माझा लेंगा (गाठीसकट), झोपलेलं मांजर, उतू जाणारं दूध. अण्णांनी नवे ब्रश मागवले. दाढी रोज व्हायला लागली. संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते खाली खुर्ची टाकून पेटीशेजारी बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारायचे. दिवाण इतका भरला की त्याची फळी बसेना. मी लोकरीचे कपडे काढून माळ्यावर टाकले. थंडी पडली तेव्हा अलकाने स्वेटर मागितला, तर मी म्हटलं, "पुण्यात आता कुठे राहिलीय पूर्वीची थंडी!"

आणि मग डिसेंबरच्या शेवटी सोसायटीची बैठक झाली. पाण्याच्या टाकीचा विषय संपल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या देशमानेवहिनी उभ्या राहिल्या. देशमानेवहिनी भजनी मंडळ चालवतात, त्यामुळे त्यांचा आवाज टाकीपर्यंत पोचतो.

"मला चित्रांबद्दल बोलायचंय. कुणीतरी एकच माणूस सगळी उचलून नेतोय!"

मी घाईघाईने विचारलं, "कशावरून एकच?"

"अहो, मी भजनाहून येताना रोज बघते. चित्र असतं. म्हटलं घाई नको, यांना विचारावं, भिंत बघावी, सकाळी चष्मा लावून नीट पाहून न्यावं. सकाळी जाते तर गायब! रोज! बाहेर विकत असणार मेला!"

पोंक्षे म्हणाले, "माझ्या चपलेचंही तेच झालं. माझीच चप्पल आणि दुसराच घेऊन गेला. ही सरळ सरळ चोरी आहे."

"फुकट ठेवलेल्या वस्तूची चोरी कशी होईल?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"फुकट सगळ्यांना आहे, एकट्याला नाही," पोंक्षे म्हणाले. "विनायकराव, तुम्ही पहाटे दुधाला उतरता. तुम्हीच पाळत ठेवा. सापडला की मला उठवा."

ठराव मंजूर झाला. सूचक पोंक्षे, अनुमोदक देशमानेवहिनी, आरोपी मी!

घरी येऊन मी खुर्चीत बसलो आणि माझ्या डोक्यात हळूहळू उजाडलं. पुण्यात माणूस फुकटची वस्तूसुद्धा लगेच उचलत नाही. आज बघतो, घरी बोलतो, यात काही गोम तर नाही ना असा विचार करतो आणि मग सावकाश नेतो. त्या पहिल्या नळाचाही इमारतभर विचारच चालला होता! लोकांना चित्रं हवी होती आणि मी ती रोज पहाटे त्यांच्या तोंडासमोरून पळवत होतो. मी इथेच जन्मलो, इथेच वाढलो, आणि हे मला कळू नये?

मी त्या दिवसापासून थांबलो. पुढच्या चित्रात अडकित्ता होता. एक दिवस तो पेटीत राहिला. अण्णांचा चेहरा पडला, माझा त्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी देशमानेवहिनी चष्मा लावून आल्या, अडकित्ता उलटसुलट बघितला आणि घेऊन गेल्या. खराखुरा! मी जिन्यात उभा राहून बघत होतो आणि मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. आता फक्त दिवाण रिकामा करायचा राहिला होता. म्हटलं, संक्रांत होऊन जाऊ दे.

संक्रांतीनंतर अलकाचं हळदीकुंकू होतं. हळदीकुंकवाला पुरुषाने घरात थांबायचं नसतं, म्हणून मला पिशवी देऊन मंडईत पिटाळलं. बोरं, गाजरं, उसाचे करवे. अण्णा खाली त्यांच्या खुर्चीत. मी बोरांचा भाव करत होतो आणि फोन वाजला.

"अहो, वाण संपलं! देशमानेवहिनी अख्खं भजनी मंडळ घेऊन आल्यात! येताना काहीतरी घेऊन या, चमचे, गाळणी, काहीही!"

मी भांड्यांच्या दुकानाकडे वळलो. पुन्हा फोन.

"राहू दे, राहू दे, काही आणू नका. घरातच सापडलं. सतरंजी काढायला दिवाण उघडला तर हा ढीग! लुटतेय आता!"

"काय सापडलं? अलका, थांब! लुटू नकोस!" भररस्त्यात मी एवढ्यांदा ओरडलो की शेजारच्या हातगाडीवाल्याने गल्ला झाकला. (आता वाण 'लुटणे' म्हणजे आलेल्या बायकांना ते वाटणे, हे त्याला कोण सांगणार!) फोन केव्हाच बंद झाला होता.

मंडईपासून कसब्यापर्यंत मी पळालो. या वयात, बोरांच्या पिशवीसकट. निम्मी बोरं रस्त्यात सांडली.

पोचलो तेव्हा उशीर झाला होता. जिन्यातून भरजरी साड्यांची रांग उतरत होती. प्रत्येकीच्या एका हातात तिळगूळ आणि दुसऱ्या हातात अण्णांचं चित्र. आणि जिन्याच्या तोंडाशी खुर्चीत अण्णा.

"अण्णा, तुमचा नळ मला आला!" देशमानेवहिनी ओरडल्या. "शेवटी मिळालाच!"

"मला लिंबूवाली!"

"माझ्याकडे लेंगा आलाय, कुणी बदलून घेता का?"

एकीने तिचं मांजर उलटं करून बघितलं. "अगंबाई! ही तर आमच्या मंदारच्या लग्नाची पत्रिका! विनायकराव, तुम्ही लग्नाला आला नव्हतात."

"तब्येत बरी नव्हती," मी धापा टाकत म्हटलं.

"पत्रिकेचं काय केलंत ते आज कळलं!"

अण्णा एकेक चित्र बघत होते. आधी हसत होते. मग हसणं ओसरलं. "ही कुठून आली सगळी?"

"वर दिवाणात होती ना ढीगभर! अलकाने लुटली!"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी बोरांची पिशवी पाठीमागे लपवली. का, ते मला आजही माहीत नाही.

"विनायकराव," ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाईक एकच होतं."

"अण्णा, तसं नाही... म्हणजे आधी तसं होतं, पण..."

"दिवाण मोठा आहे म्हणून बरं झालं." ते उठले, कठड्याला धरून जिना चढायला लागले. बायकांनी बाजूला होऊन वाट दिली.

मग सगळे एकदम माझ्यावर तुटून पडले. "म्हणजे चोर तुम्ही!" देशमानेवहिनी म्हणाल्या. "अहो, नळासाठी मी खिळासुद्धा ठोकून ठेवला होता हो!" पोंक्षे दारात येऊन म्हणाले, "चपलेसाठी मी दोन वेळा खाली वाकलो होतो. कंबर धरली." जो तो आपल्याला कुठलं चित्र हवं होतं ते सांगत होता. मला ते ऐकवेना. हे सगळं ऐकायला अण्णा खाली असायला हवे होते, आणि ते तर वर निघून गेले होते.

अलकाला वाटलं होतं, अण्णांनीच प्रत्येक चित्राची एक जास्तीची प्रत काढून ठेवलीय. खरं कळल्यावर तिने रिकाम्या दिवाणाची फळी आपटली. "अहो, मी 'काहीतरी करा' म्हटलं होतं. हे करा नव्हतं म्हटलं!"

मी आत जाऊन विचारलं, "अण्णा, चहा ठेवू?"

"चालेल," अण्णा म्हणाले.

नंतरचे कित्येक दिवस काठी कोपऱ्यात उभी होती. ब्रश रंगासकट वाळले. देशमानेवहिनी अडकित्ता घेऊन वर आल्या, म्हणाल्या, "अण्णा, शपथ घेते, हा मी स्वतः पेटीतून नेलाय. जावयाने नाही." अण्णा हसून म्हणाले, "त्यांनी सांगितलं असेल तुम्हाला तसं म्हणायला." जे खरं झालं होतं, तेही मी खोटं करून ठेवलं होतं. मी माफी मागितली. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो, पण ते म्हणाले, "तुमचा हेतू चांगला होता हो." मी रात्रभर तळमळलो. त्या काही महिन्यांत त्यांचा हात काय सुरेख चालत होता, आणि बघणारे एक मजला खाली चष्मा शोधत होते!

मग होळीच्या सुमाराला एका पहाटे मी दुधाला उतरलो, आणि पेटीत चित्र! यावेळी पत्रिका मोठी होती, सोनेरी कडांची. चित्रात बनियनमधला एक ढेरपोट्या माणूस होता. एका हातात दुधाची पिशवी, दुसरा हात कोपरापर्यंत पेटीत, आणि मान वळवून मागे कोण बघतंय का ते बघणारे भेदरलेले डोळे. बनियनच्या भोकासकट मी!

मी तसाच उभा राहिलो. हसू आलं, आणि दुधाची पिशवी ओली झाली, दुधाने नव्हे.

अख्खी इमारत बघून गेली. 'नाक काय पकडलंय!' 'पोट तर मोजून घेतलंय!' अण्णा पुन्हा इस्त्रीचा सदरा घालून खाली बसायला लागले. आता चित्रं काढतात, पण पूर्वीसारखी रोज नाही. काठीवर टेकूनही हात थोडा हलतो. जी काढतात ती लोक पुणेरी पद्धतीने विचार करून, एक-दोन दिवसांनी नेतात. पण 'गेलं!' हे सांगायला ते आता माझ्याकडे येत नाहीत, पोंक्ष्यांकडे जातात. पहाटेच्या दुधाचं कामही माझ्याकडून काढून घेतलंय.

माझं चित्र मात्र अजून पेटीतच आहे. सगळे येतात, पोट धरून हसतात आणि काचेचं दार लावून जातात. मी घरी आणू का विचारलं, तर अलका म्हणाली, "नको. मूळ प्रत आहे तेवढी पुरे." एवढ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझं चित्र काढलं, आणि ते फुकटसुद्धा न्यायला कुणी तयार नाही!